मे महिन्यातला ॲम्प्लिफायर : आवाज, उष्णता आणि खर्च

मोबाइल, रेडिओ किंवा टीव्हीतून येणारा क्षीण विद्युत संकेत घ्यायचा आणि स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी ताकद त्याला द्यायची, हे ॲम्प्लिफायरचे काम. ही ताकद घरच्या विजेतून येते. मीटरमधून गेलेल्या विजेपैकी जेवढी स्पीकरपर्यंत पोहोचते तिच्यातून आवाज निघतो, उरलेलीची पेटीतच उष्णता होते आणि बिल दोन्हींचे येते. त्यामुळे आवाज, उष्णता आणि खर्च या एकाच हिशेबाच्या तीन बाजू आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा हिशेब उष्णतेपासून सुरू करावा लागतो. ॲम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरचे आणि आयसीचे आकडे कंपन्या बहुधा 25 अंश सेल्सिअस धरून छापतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. म्हणजे यंत्र सुरू होण्याआधीच 20 अंशांची सवलत संपलेली असते.

पहिला प्रश्न किती वॉट लागतात हा. बैठकीच्या खोलीत 3 मीटरवर बसून ऐकायचे आहे आणि स्पीकरची संवेदनशीलता 88 डेसिबल आहे, असे धरू. याचा अर्थ 1 वॉट दिल्यावर 1 मीटर अंतरावर 88 डेसिबल आवाज मिळतो. दोन स्पीकर आणि भिंतींचे परावर्तन धरून ऐकणाऱ्याच्या कानाशी साधारण 82 ते 84 डेसिबल उरतात. घरात एवढा आवाज मोठाच वाटतो. म्हणजे नेहमीच्या ऐकण्याला एक-दोन वॉट पुरतात. मात्र ढोलकीची थाप किंवा तबल्यावरचा जोरकस ठोका सरासरीपेक्षा 10 ते 15 डेसिबल वर उसळतो. दर 10 डेसिबलला दहापट वॉट लागतात, म्हणून त्या क्षणापुरते 30 ते 50 वॉट हाताशी हवेत. त्याहून मोठा आकडा घेऊन घरात फारसे साधत नाही. 50 वॉटऐवजी 100 वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला तर फक्त 3 डेसिबल वाढतात. तेवढाच फरक 88 ऐवजी 91 डेसिबलचा स्पीकर घेऊन पडतो, आणि त्यासाठी जादा उष्णता सोसावी लागत नाही.

या भागात मोठ्या ॲम्प्लिफायरची ओळख बहुतेकांना झाडीपट्टीच्या नाटकांमुळे असते. धान कापून झाले की दिवाळीनंतर वडसा (देसाईगंज) येथील मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटके करतात. हजारो माणसांच्या उघड्या मंडपाला शेकडो वॉट लागतातच. पण तो ॲम्प्लिफायर हिवाळ्यात, रात्री, मोकळ्या हवेत आणि पंख्याच्या झोतात चालतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस बसलेला असतो. घरच्या यंत्राला मे महिन्याची दुपार, भिंतीतले कपाट आणि बंद दार सोसावे लागते. मंडपाचे यंत्र घरात आणले की वॉट वाया जातात आणि त्याचा पंखा गाण्याच्या मधल्या शांत जागा खाऊन टाकतो.

खोक्यावरचा वॉटचा आकडाही पारखून घ्यावा. पीएमपीओ म्हणून छापलेले हजार-दोन हजार वॉट कोणत्याही ठरावीक मापाने मोजलेले नसतात. खरी गोष्ट मागच्या लेबलवर असते. समोर 1000 वॉट आणि मागे वीज वापर 40 वॉट असे लिहिलेले असेल, तर त्या पेटीतून 40 वॉटहून जास्त आवाज सतत निघणे शक्य नाही. आरएमएस (सतत देता येणारे) वॉट, ते स्पीकरच्या किती ओहम रोधावर मोजले आणि किती डिस्टॉर्शनला (आवाजाच्या विकृतीला) मोजले, या तीन गोष्टी एकत्र दिल्या असतील तरच त्या आकड्याला अर्थ आहे. 10 टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले 50 वॉट ऐकण्याच्या दृष्टीने 35 ते 40 वॉटच समजावेत.

उष्णतेच्या दृष्टीने ॲम्प्लिफायरचे मुख्य प्रकार तीन. क्लास ए प्रकारात गाणे चालू असो वा नसो, पूर्ण प्रवाह वाहत राहतो. साध्या रचनेत त्याची कार्यक्षमता जास्तीत जास्त 25 टक्के आणि ट्रान्सफॉर्मर जोडलेल्या रचनेत 50 टक्के असते. व्हॉल्व्हचे (निर्वात नळ्यांचे) ॲम्प्लिफायर याच कुळातले किंवा जवळचे. इएल 34 जातीच्या एका व्हॉल्व्हची नुसती तार तापवायला साडेनऊ वॉट लागतात, चार व्हॉल्व्हना 38. क्लास एबी हा घराघरांतला नेहमीचा प्रकार. सिद्धांतात त्याची मर्यादा 78 टक्के आहे, पण ती पूर्ण आवाजावर. क्लास डी प्रकारात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, म्हणून कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास जाते.

क्लास एबीचे खरे रूप हळू आवाजात दिसते. आत अधिक-उणे 35 व्होल्टचा पुरवठा असलेला आणि 8 ओहमवर साठेक वॉट देणारा ॲम्प्लिफायर घ्या. तो स्पीकरला 2 वॉट देत असतो तेव्हा त्याच चॅनलच्या ट्रान्झिस्टरमध्ये सुमारे 14 वॉट उष्णता होते. दोन चॅनल मिळून 28 वॉट. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा भाग, दर वॉटला 1 अंश तापत असेल, तर तो हवेपेक्षा 28 अंशांनी वर जाईल. जानेवारीत हवा 25 अंश असेल तर हीटसिंक 53 अंशांवर राहतो आणि त्यावर हात टेकवता येतो. मे महिन्यात हवा 45 अंश झाली की तोच 73 अंशांवर जातो. बंद कपाटात आणखी 10 अंश वाढले की 83, आणि आतल्या ट्रान्झिस्टरचे तापमान त्याहूनही जास्त.

एवढ्याने ट्रान्झिस्टर लगेच जळत नाही. आधी कंडेन्सर म्हातारे होतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मे होते. दुरुस्तीच्या दुकानात उघडलेल्या जुन्या पेटीत फुगलेला कंडेन्सर बहुधा हीटसिंकला खेटून उभा असतो. त्या जागी 85 अंशांऐवजी 105 अंश सोसणारा कंडेन्सर लावला तर थोड्याच जादा पैशांत पुष्कळ आयुष्य वाढते.

स्पीकरचे ओहमही उष्णतेत भर घालतात. 4 ओहमवर जास्त वॉट मिळतात हे खरे, पण तितक्याच व्होल्टला प्रवाह दुप्पट होतो आणि ट्रान्झिस्टरमधली उष्णताही दुप्पट. एकाच टर्मिनलला स्पीकरची दुसरी जोडी समांतर जोडणे म्हणजे तेच. उन्हाळ्यात हे टाळावे.

या भागात कूलरमुळे आणखी एक गोष्ट घडते. चालू कूलरचा आवाज खोलीत 60 डेसिबलच्या आसपास सहज असतो, आणि तंबोऱ्याचा सूर किंवा गायकाचा हळू लावलेला स्वर त्याखाली बुडतो. मग आवाजाचे बटण वर जाते. म्हणजे ज्या महिन्यात यंत्राला थंड होणे सर्वांत अवघड, त्याच महिन्यात त्याच्याकडून जास्त काम घेतले जाते. कूलरची ओलसर हवा थेट पेटीवर येऊ देऊ नये. जाळीतून आत जाणारी धूळ ओलाव्याने चिकटते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर धरते. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर या कोळसा पट्ट्यातल्या घरांत हा थर लवकर साचतो. पेटी मोकळ्या फळीवर ठेवून वर आणि मागे वीतभर जागा सोडावी, आणि पावसाळ्यापूर्वी पेटी बंद करून, प्लग काढून ब्रशने धूळ झाडावी.

वीजपुरवठ्याचा विचार गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत अधिक करावा लागतो. जेथे वीज वारंवार जाते आणि साधा इन्व्हर्टर वापरला जातो, तेथे त्याच्या चौकोनी लहरीमुळे ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि स्पीकरमधून भुणभुण येते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास जवळपास राहत नाही. सौर पॅनलच्या 12 व्होल्ट बॅटरीवर क्लास डीचा छोटा बोर्ड थेट चालतो आणि 4 ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे 15 वॉटच्या आसपास देतो. एका खोलीत नेहमीच्या ऐकण्याला तेवढे पुरते. विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त बचाव.

आवाज पारखण्यासाठी आधी शांतता पारखावी. गाणे न लावता आवाज अर्ध्यावर न्यावा आणि ट्वीटरजवळ कान न्यावा. ‘स्स’ असा आवाज हातभर अंतरावर विरायला हवा, आणि वूफरमध्ये 50 किंवा 100 हर्ट्झची घुरघुर नसावी. मग ओळखीचे गाणे अर्धा तास वाजवून पुन्हा ऐकावे, कारण गरम झाल्यावरच काही दोष बाहेर येतात. चांगल्या क्लास एबी आणि चांगल्या क्लास डी यंत्रांचे डिस्टॉर्शन आज इतके कमी आहे की सारख्या आवाजात त्यांच्यातला फरक ऐकू येणे कठीण. स्वस्त क्लास डी बोर्डांत मात्र शेवटचा फिल्टर एका ठरावीक ओहमसाठी बसवलेला असतो. वेगळ्या ओहमचा स्पीकर लावला की वरचे सूर उगाच तीक्ष्ण किंवा बोथट होतात.

खर्च किमतीवर संपत नाही. रोज 3 तास ऐकले, तर 150 वॉट ओढणारा क्लास ए वर्षाला सुमारे 164 युनिट खातो, 40 वॉटचा क्लास एबी 44 युनिट आणि 10 वॉटचा क्लास डी 11 युनिट. उन्हाळ्यात कूलरमुळे घरचा महिन्याचा वापर आधीच 100 युनिटांच्या पुढे गेलेला असतो, म्हणून हे वरचे युनिट महाग दराच्या टप्प्यात पडतात. दुसरीकडे, क्लास एबी बोर्डवरचा ट्रान्झिस्टर किंवा आयसी तालुक्याचा कारागीर बदलू शकतो, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळतो. क्लास डीचा दाट बोर्ड बिघडला की बहुधा सबंध बदलावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होऊ शकतो. तेथील घराने सुटा बोर्ड आणि सुटा अडॅप्टर आधीच घेऊन ठेवलेला बरा.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. आधी खोली आणि स्पीकरची संवेदनशीलता पाहून वॉट ठरवावेत. मग मे महिन्याचे 45 अंश धरून यंत्र कितपत तापेल ते पाहावे. त्यानंतर तापलेल्या यंत्रावर आवाज ऐकावा. शेवटी किंमत, वर्षाची वीज आणि दुरुस्ती एकत्र मांडावी. चंद्रपूरसारख्या शहरात, दुरुस्तीची सोय जवळ असताना आणि पेटी मोकळ्या जागी ठेवता येत असताना, मोठ्या हीटसिंकचा 30 ते 50 वॉटचा क्लास एबी योग्य. कपाटातच ठेवायचा असेल, बॅटरीवर चालवायचा असेल किंवा दिवसभर चालू राहणार असेल, तर क्लास डी. क्लास ए आणि व्हॉल्व्ह हे शौकाचे प्रकार आहेत. ते घ्यायचेच असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी वापरावेत आणि उन्हाळ्यासाठी लहानसे दुसरे यंत्र ठेवावे.