दुष्काळग्रस्तांचें वकीलपत्र

(कमिटीच्या वार्षिक सभेंत देणगीदार मंडळींपुढें झालेलें भाषण)



कमिटीचा जमाखर्च चिटणिसांनीं आपणांस वाचून दाखविलाच आहे. त्यांतील एका रकमेस कांहीं देणगीदारांनीं हरकत घेतली आहे, व ती अगदींच गैरवाजवी आहे असें मला म्हणवत नाहीं. ही रक्कम धान्याकडे खर्च पडली नाहीं. परदेशांतील उपासमारीसंबंधानें सरकारांकडे अर्ज करणें, पत्रकें छापणें, सभा भरविणें याकडे ती खर्च पडली. हरकत अशी कीं, आम्हीं पैसा दिला तो भुकेल्याच्या तोंडीं घांस पडावा म्हणून. राजकारणाच्या खटपटीशीं अन्नदानाचा संबंध काय? मी धंद्यानें वकील, तेव्हां याचें उत्तर देण्याचें काम माझ्याकडे आलें हें ओघानेंच झालें.

उत्तरादाखल मी ग्रीस देशाची हकीकत सांगतों. सन १९४१ च्या एप्रिलांत जर्मन फौजांनीं तो देश जिंकला. ग्रीस युद्धापूर्वीं आपल्या गव्हाचा मोठा भाग समुद्रमार्गें आणवीत असे. जिंकणाऱ्यांनीं घरांत होतें तें धान्य उचललें, आणि बाहेरून यावयाचें तें ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीनें अडलें. शत्रूच्या ताब्यांतील मुलखांत अन्न जाऊं दिलें तर तें शत्रूच्याच पथ्यावर पडेल, आणि जिंकलेल्या प्रजेस पोसण्याची जबाबदारी जिंकणाऱ्यावर आहे, असें ब्रिटिश सरकारचें म्हणणें होतें. युक्तिवाद म्हणून हें बिनतोड आहे. कोर्टांत मीही तो आनंदानें मांडला असता. पण त्या हिवाळ्यांत अथेन्सच्या रस्त्यांतून प्रेतें उचलण्यासाठीं गाड्या फिरत होत्या. परकी अंमलाच्या त्या काळांत उपासमारीनें दगावलेल्यांचे अंदाज तीन लाखांपर्यंत जातात.

व्यापारी मंडळींनीं येथें थोडा विचार करावा. कानडांत गहूं होता, माल वाहण्यास तटस्थ राष्ट्रांचीं जहाजें होतीं, देणारे हातही होते. नव्हता तो एक परवाना. कोठार भरलेलें, भुकेला दारांत, आणि मध्यें नाकें. अशा वेळीं देणगीच्या आंकड्यावर आणखी एक शून्य चढविल्यानें काय साधणार? परवाना सरकारच्या हातीं, आणि सरकारास स्वस्थ बसूं न देणें लोकांच्या हातीं. इंग्लंड-अमेरिकेंतून बोभाटा झाला, ग्रीक मंडळींनीं तगादा लावला, तेव्हां १९४२ च्या आरंभीं नाकेबंदी सैल झाली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेरपासून स्वीडनच्या जहाजांतून दरमहा सुमारें १५,००० टन कानडी गहूं ग्रीसला जाऊं लागला.

त्याच वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं ऑक्सफर्ड येथील सेंट मेरी चर्चमध्यें कांहीं गृहस्थ जमले व त्यांनीं दुष्काळनिवारण कमिटी स्थापिली. त्यांत मिल्फर्ड नांवाचे पाद्री होते, ग्रीक भाषेचे वृद्ध पंडित गिल्बर्ट मरे होते, आणि लौकरच सामील झालेले जॅक्सन-कोल हे तर आपल्यापैकींच, म्हणजे व्यापारी होते. वर्गणी जमविणें आणि सरकारशीं बोलणें हीं दोन्ही कामें त्यांनीं हातीं घेतलीं. १९४३ च्या ग्रीक सप्ताहांत त्यांनीं दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. मात्र ग्रीसप्रमाणें बेल्जियमच्या मुलांसही अन्न जाऊं द्यावें, ही मागणी सरकारनें मान्य केली नाहीं. सर्वच अर्ज मंजूर होतात असें मी आपणांस सांगत नाहीं. हीच कमिटी पुढें ऑक्सफॅम या नांवानें प्रसिद्धीस आली. १९५१ सालीं आपल्या बिहारच्या दुष्काळासाठींही तिनें झोळी फिरविली होती.

आतां कायद्याची भीति. इंग्लंडांत ती खरी होती. १९८१ सालीं तेथील न्यायालयानें ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या ट्रस्टास धर्मादाय मानण्याचें नाकारलें. कारण परक्या सरकारांचे कायदे व धोरणें बदलविणें हा राजकीय हेतु ठरला. १९९१ सालीं धर्मादाय कमिशनरांनीं दक्षिण आफ्रिकेविषयींच्या चळवळीबद्दल ऑक्सफॅमला समज दिली. तीन वर्षांनीं त्याच देशांत सर्व वर्णांच्या लोकांनीं एकत्र मतदान केलें! अखेर २००६ च्या कायद्यानें मानवी हक्कांचा पुरस्कार हा धर्मादाय हेतूंत गणला गेला. पक्षाचा प्रचार मात्र आजही निषिद्धच आहे, आणि तो तसा असावा हें मला मान्य आहे. आपल्याकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा अर्थ लावतांना सुप्रीम कोर्टानें २०२० सालीं हीच रेषा ओढली: पक्षीय राजकारण निराळें, लोकांच्या हक्कांसाठीं सनदशीर आवाज उठविणें निराळें.

ही गोष्ट आपल्या प्रांतास नवी नाहीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें १८९६-९७ च्या दुष्काळांत गांवोगांव माणसें पाठवून फॅमिन कोड आणि साऱ्याची सूट-तहकुबी यांचे नियम रयतेस समजावून दिले. सरकारचेच छापील नियम सरकारच्याच रयतेस सांगितले; तेवढ्यावरून १८९७ सालीं सभेची मान्यता गेली.

सावकारी करणाऱ्या मंडळींस माझा पुढचा दाखला कदाचित रुचणार नाहीं, पण तो वगळतां येत नाहीं. आपल्या हिंदु धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम आहे: एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुदलाहून अधिक होऊं नये. बुडालेल्या व्यापाऱ्यास नादारीचें कोर्ट आहे. बुडालेल्या राष्ट्रास यांपैकीं कांहींच नाहीं. सन १९९८ च्या मे महिन्यांत आठ बड्या राष्ट्रांचे पुढारी बर्मिंगहॅम येथें जमले असतां सुमारें ७०,००० लोकांनीं हातांत हात धरून शहरांत सांखळी केली. मागणी एवढीच कीं, गरीब राष्ट्रांचें न फिटणारें कर्ज २००० सालापर्यंत सोडावें. पुढच्या वर्षीं कोलोन येथें धनकोंनीं अधिक सूट देण्याचें कबूल केलें. सगळें कर्ज सुटलें नाहीं. परंतु युगांडाचें उदाहरण पाहावें. त्या देशानें १९९७ सालीं प्राथमिक शाळांची फी काढून टाकली आणि वर्गांत मुलें मावेनाशीं झालीं. १९९८ पासून कर्जांतून सुटलेला पैसा निराळ्या खात्यांत ठेवून शाळा, दवाखाने व पिण्याचें पाणी याकडे लावण्यांत आला. एवढ्या शाळा चालविण्याइतकी वर्गणी आपण किती वर्षें जमविली असती, याचा हिशेब मुनिमांनीं करावा.

१९४१ सालीं नाकेबंदीनें लोकांस उपाशी मारणें हें कायद्यानें स्पष्ट निषिद्ध नव्हतें. १९७७ च्या जिनीव्हा जादा करारानें युद्धांत नागरिकांची उपासमार हें हत्यार वर्ज्य ठरविलें. २०१८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें एकमतानें तिचा निषेध केला. तथापि कायदा झाला म्हणजे नाकीं आपोआप उघडतात, असा माझ्या धंद्यांतील कोणाचाच अनुभव नाहीं. कोणी तरी वकीलपत्र घेऊन उभें राहावें लागतें, आणि उपाशी माणसाजवळ फी नसते.

यास्तव कमिटीची सूचना अशी आहे कीं, यापुढें दर शंभर रुपयांपैकीं पांच रुपये अर्ज, पत्रकें व सभा यांकडे लावावे, त्यांचा हिशेब निराळा छापावा, व कोणत्याही पक्षास त्यांतील पैही देऊं नये. ज्यांस आपली सर्व देणगी धान्याकडेच लागावी असें वाटेल, त्यांनीं पावतीवर तसें लिहावें; चिटणीस तें तंतोतंत पाळतील. पावतीपुस्तकें दाराजवळच्या टेबलावर ठेविलीं आहेत.