दुबार पेरणी
(दहावी १९८६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, अकोट येथे केलेले भाषण)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी ‘अस्तित्ववाद’ म्हणालो. तिकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, ‘राज्या, जेवनाच्या आंधी बोलून घे. मांगून झोपतीन सारे.’ म्हणून हे भाषण जेवणाआधी ठेवलं आहे. वीस मिनिटं सोसा.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. एम. ए.च्या वर्गाला ‘कोसला’ शिकवायची म्हणजे अस्तित्ववाद सांगावाच लागतो. १९६३ साली नेमाड्यांची ही कादंबरी आली. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला जातो आणि हात हलवत गावी परत येतो. त्याची धाकटी बहीण जाते, तेव्हा जगाने त्याला काहीही उत्तर दिलेलं नसतं. परीक्षेसाठी मी मुलांना व्याख्या लिहून देत असे. मुलं पाठ करत, पास होत. मीही खूश, तीही खूश.

व्याख्या समजावायला माझ्याकडे एक हुकमी उदाहरण होतं, आणि ते आपल्या अकोटचंच होतं. खंडव्याची मीटरगेज गाडी आठवते ना? धूळघाटाजवळ ती डोंगराला असा वळसा घालायची की रूळ स्वतःच्याच डोक्यावरून जायचे. खिडकीतून खाली पाहिलं की मघाशी आलो तो रूळ खाली दिसायचा. आपण डब्यात ओरडायचो, ‘अबे, फिरून तिथंच आलो!’ ग्रीकांच्या गोष्टीतल्या सिसिफसला देवांनी शिक्षा दिली होती : दगड डोंगरावर ढकलत न्यायचा, तो खाली गडगडणार, पुन्हा न्यायचा. आल्बेर काम्यूने १९४२ साली त्याच्यावर निबंध लिहिला. मी वर्गात सांगायचो, धूळघाटाची गाडी म्हणजे सिसिफस, फक्त फिरून तिथंच आली तरी थोडी वर आलेली असते. टाळ्या मिळायच्या. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘सर, गाडी परत येतानाही तोच वळसा घेते. तेव्हा तर ती खाली आलेली असते. मग?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१७च्या सुरुवातीला ती मीटरगेज बंद झाली, २०२२ मध्ये अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज सुरू झाली, आणि धूळघाटाचा वळसा आता आठवणीतच उरला. माझं उदाहरणही रद्द झालं, हे बरंच झालं.

काम्यूबद्दल या सभागृहात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. हा मुलगा १९१३ साली अल्जीरियात जन्मला. वर्षभरातच बाप पहिल्या महायुद्धात मारला गेला. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐकूही कमी यायचं; ती लोकांच्या घरी साफसफाई करायची. घरात सत्ता आजीची, आणि तिचं म्हणणं साधं : पोरानं आता कमवावं. लुई जेर्मां नावाच्या प्राथमिक शिक्षकाने त्या आजीला पटवलं, पोराला वेगळं बसवून फुकट शिकवलं आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं. १९५७ साली नोबेल मिळाल्यावर काम्यूला आईनंतर जेर्मां गुरुजींचीच आठवण झाली, आणि त्याने त्यांना पत्र लिहिलं. समोर बसलेल्या आपल्या गुरुजींनी आणि बाईंनी आपल्यापैकी किती जणांच्या घरी येऊन आज्या आणि बाप पटवले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माझ्या बापाला पटवायला गणिताचे सर आले होते. सायकलवरून, भर उन्हात. सर, पत्र लिहायला मला चाळीस वर्षं उशीर झाला. हेच ते समजा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काम्यू त्या निबंधाच्या सुरुवातीलाच विचारतो की जगणं जगण्याच्या लायकीचं आहे का, बाकी सगळे प्रश्न त्यानंतरचे. पॅरिसच्या कॅफेत हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा असेल. वऱ्हाडात तो तसा कधीच नव्हता.

आपण दहावीला बसलो तो १९८६चा मार्च. त्याच महिन्यात, १९ तारखेला, यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. आजही १९ मार्चला अनेक लोक त्यांच्यासाठी उपवास धरतात. तेव्हा आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. आपल्याला भूमितीच्या पेपरची चिंता होती. माझ्या बाकावर माझ्याबरोबर जो बसायचा, त्यालाही नव्हता.

तो कोण, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही, त्याची पोरं आता मोठी आहेत. भूमितीत तो माझ्यापेक्षा हुशार होता. शाळा सुटल्यावर मी अमरावतीला गेलो, तो वावरात गेला. पऱ्हाटी, तूर, मधे काही वर्षं पानपिंपरी. २००६ सालच्या दिवाळीच्या आसपास तो गेला. पंतप्रधान त्याच वर्षीच्या जुलैमध्ये विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते.

मी भेटायला गेलो, तो आठवडा मी वर्गात सिसिफस शिकवत होतो. ओसरीवर बसलो. काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून मी शिकवलेलंच बोललो. म्हणालो, ‘वहिनी, आयुष्याले काही अर्थ नसते. असंच असते ते.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आयुष्य नाही भाऊजी. भाव तसा होता.’

वीस वर्षं झाली. वाचलेल्या कोणत्याही पुस्तकाने मला इतकं नीट सुधारलेलं नाही.

त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. काम्यू ज्याला असंगत म्हणतो ते माणसातही नसतं आणि जगातही नसतं. दोघांच्या गाठीत असतं. माणूस विचारतो, जग बोलत नाही. मृगात आपण ढगाकडे पाहतो, ढग आपल्याकडे पाहत नाही. पेरलेली सरकी जमिनीत करपते आणि आभाळाला त्याचं काही नसतं. हे असंगत. यावर कुणाकडे दाद मागणार? पण कापसाचा भाव आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी ठरवतं. एकाधिकार खरेदी १९७२ साली कुणीतरी सुरू केली आणि पुढे कुणीतरी मोडीत काढली. व्याजाचा दर, बियाण्याची किंमत, पंचनाम्यातले आकडे, हे सगळं माणसांच्या हातचं आहे. त्याला ‘आयुष्य असंच असतं’ म्हणणं म्हणजे चोराला नशीब म्हणणं. मी त्या ओसरीवर नेमकं तेच केलं होतं, आणि वर त्याला तत्त्वज्ञानाचं नाव दिलं होतं.

काम्यूलाही हे कळलं असावं, असं मला वाटतं. १९४७ साली त्याची ‘प्लेग’ कादंबरी आली. तिथे साथ का आली याला उत्तर नाही. पण डॉक्टर रिय उत्तराची वाट पाहत बसत नाही; रोज उठून रोग्यांच्या घरी जातो. सिसिफस एकटा होता, इथे माणसं एकमेकांच्या मदतीला येतात. (काम्यू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घ्यायला तयार नव्हता, हे परीक्षेत लिहिलं तर आमच्याकडे अर्धा गुण जास्त मिळायचा.) सार्त्रचं म्हणणं असं की लोहार विळा करतो तेव्हा तो कशासाठी, हे आधी ठरलेलं असतं. माणसाचं तसं आधी काही ठरलेलं नसतं; तो जे करतो त्यातून तो घडतो.

हे सगळं कळायला मी पॅरिसपर्यंत कशाला गेलो, कुणास ठाऊक. शेंडगाव आपल्या शेजारी अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. १८७६ साली तिथे गाडगेबाबा जन्मले. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली होती. पुढे दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, असं त्यांनी आयुष्य काढलं. विचार करा : गाव झाडून झालं, की दुसऱ्या दिवशी तेवढाच कचरा. सिसिफसचा दगड याहून वेगळा कुठे आहे? पण बाबांना शिक्षा कुणी दिलेली नव्हती, खराटा त्यांनी आपण होऊन उचलला. आणि रात्री त्याच गावाला ते प्रश्न विचारायचे : कर्ज काढून सण कशाला करता, नवसाला बकरं कशाला कापता. दिवसा झाडायचे ते आभाळाचं, आणि रात्री विचारायचे ते माणसांना. असंगत आणि अन्याय यांतला फरक मला पुस्तकांतून समजला नाही, तो त्यांना शाळेत न जाता समजला होता.

वहिनींनी पुढच्या जूनमध्ये पेरणी केली. पाऊस दडला, पुन्हा पेरावं लागलं. मी विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, ‘वावर पडीक दिसलं की मले झोप येत नाही.’ मला यात मोठेपणा शोधायचा नाही. त्यांच्याकडे दुसरा इलाजही नव्हता, आणि हौतात्म्याचे हार घालायला आपण फार लवकर तयार होतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भभर पऱ्हाटी खाल्ली तेव्हा त्यांचीही गेली. त्या वर्षी त्या नुकसानभरपाईसाठी तहसीलला सात वेळा गेल्या. सातव्या खेपेला मी बरोबर होतो. तिथे मी कुठलंही वाक्य म्हटलं नाही. अर्जाच्या झेरॉक्स काढल्या, रांगेत उभा राहिलो, आणि दोन वेळा चहा आणला. आमच्यात जे काही बरं झालं, ते त्या रांगेत झालं.

आता एकच विनंती. आपल्या तुकडीच्या यादीत ६१ नावं आहेत. आज आलो आपण ३८. काही जण परदेशात आहेत, काही जण आता नाहीत. पण नऊ नावांपुढे संयोजकांनी ‘फोन लागत नाही’ असं लिहिलं आहे. त्यांतले चौघे तालुक्यातच राहतात, मी गावं पाहिली. फोन लागत नसेल तर मोटरसायकल लागते. त्या यादीची प्रत मी आणली आहे. जेवण झाल्यावर एकेक नाव कुणी घ्यायचं ते ठरवू. मी वान रोडकडचा घेतो, मला रस्ता माहीत आहे.

आणि हो, मागच्या बाकावर जी पोतडी ठेवली आहे, तीत तुरीच्या शेंगा आहेत. वहिनींनी सकाळीच तोडून पाठवल्या. मीठ घालून उकडा. जाताना प्रत्येकाने मूठ-दोन मूठ घेऊन जा, नाहीतर ती पोतडी मलाच परत न्यावी लागेल.