शहराच्या नकाशात श्रमिकांची जागा

शहराचा विकास आराखडा म्हणजे पुढील वीस वर्षांत त्या शहरात कोणी कोठे राहावे, याविषयीचा एक लेखी निर्णय असतो. रस्ते, उद्याने, बाजार, कारखाने यांच्यासाठी त्यात निरनिराळ्या रंगांचे भाग आखलेले असतात. परंतु पहाटे दारोदार दूध पोचविणारा गडी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी आया, इमारतीचा पाया खणणारा मजूर यांनी पाठ कोठे टेकावी, याचे उत्तर त्या रंगांत शोधू गेल्यास बहुधा सापडत नाही. ज्यांच्या श्रमावर शहर चालते त्यांना त्याच शहरात परवडण्याजोगे घर मिळावयाचे असेल, तर आराखड्यात कोणत्या सुधारणा केल्या पाहिजेत, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी मुंबईचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. या प्रश्नाशी तिची झुंज सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिला लागलेल्या ठेचांवरून देशातील इतर शहरांनाही पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि त्या धास्तीतून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून रुंद व हवेशीर रस्ते काढावयाचे, हे त्याचे धोरण होते. रस्ते निघाले, परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या फार थोड्या बांधल्या गेल्या. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली, आणि दाटी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली एवढेच. पुढे १९२० साली सरकारने डेव्हलपमेंट खाते उभारून ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून सुमारे १६,००० खोल्या झाल्या. त्यांतील वरळीच्या कित्येक चाळी बरीच वर्षे रिकाम्या राहिल्या. तो भाग त्या काळी गैरसोयीचा होता आणि भाडेही कामगाराला जड वाटे. घर नुसते बांधून भागत नाही, ते कामाच्या ठिकाणापासून पोचता येईल अशा जागी असावे लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात हेच तत्त्व निराळ्या शब्दांत मान्य केले. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे, आणि माणसाला राहत्या जागेवरून उठविले तर त्याची उपजीविकाही जाते, असे न्यायालयाने म्हटले. योग्य सूचना देऊन झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार मात्र त्याच निकालाने कायम राहिला. तत्त्व मान्य झाले, जमीन मिळाली नाही.

आणि जमीन हेच या प्रश्नाचे मर्म आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०१२ साली देशाच्या शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लक्ष इतकी धरली. त्या तुटीपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भार दुर्बल व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांवर होता. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांतील १ कोटी १० लक्षांवर घरे रिकामी आढळली. याचा अर्थ उघड आहे. विटा, सिमेंट आणि गवंडी यांची आपल्याकडे वाण नाही. घरे उभी राहतात. परंतु जमिनीची किंमत त्यांत मिसळली की ती गरजवंताच्या हाताबाहेर जातात.

ही जमीन हातची कशी निसटते, याचे बोलके उदाहरण मुंबईच्या गिरणगावात घडले. बंद पडलेल्या गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार, तिचा पुनर्विकास करताना ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी देणे आवश्यक होते. २००१ साली नियम बदलला, आणि हा हिस्सा गिरणीच्या आवारातील केवळ मोकळ्या जमिनीवरून मोजावयाचे ठरले. गिरण्यांच्या आवारात बांधकामच अधिक. तेव्हा लोकांच्या वाट्याला तुकडे आले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. नियमातील एका वाक्याने हजारो कुटुंबांची संभाव्य घरे नाहीशी होऊ शकतात, हे यावरून ध्यानात यावे.

१९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाची जी योजना आली, तिचाही आधार जमिनीची किंमत हाच आहे. विकासकाने झोपडीवासीयास विनामूल्य घर द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारे जादा बांधकाम बाजारात विकावे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे अनेक कुटुंबांना पक्के छप्पर मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु जेथे भाव चढे तेथेच अशी योजना वेग धरते. ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा नसलेली कुटुंबे आणि झोपडीतील भाडेकरू वगळले जातात. दाटीने उभारलेल्या उंच इमारतींतील उद्वाहन व पाण्याच्या पंपाचा मासिक खर्चही गरिबाच्या डोईवर बसतो.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे प्रामाणिक पाहणी. १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात अध्यापन करणारे पॅट्रिक गेडिस यांचा आग्रह असे की, वैद्य जसा रोग पारखूनच औषध देतो, तशी नगररचनाकाराने आधी वस्ती जाणून घ्यावी. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा २०१५ साली प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील चुका पाहून नागरिकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि तो मसुदा मागे घ्यावा लागला. सुधारित आराखडा २०१८ साली मंजूर झाला. नकाशा वस्तीवस्तीत, तेथील लोकांसमवेत, त्यांच्या भाषेत तयार झाला असता तर हा काळ वाचला असता. या पाहणीत भाडेकरू, घरगुती कारखाने आणि तारखेनंतर आलेले लोकही मोजले गेले पाहिजेत. ज्यांची मोजदादच नाही, त्यांच्यासाठी जागा राखली जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीचे आरक्षण. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यान्वये, मालकांच्या जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने आखणी करताना, सुमारे दहा टक्के जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी ठेवता येते. शहरात रस्ता किंवा रेल्वे नेली की आसपासच्या जमिनीचे मोल वाढते. ती वाढ मालकाच्या श्रमाची नसून सार्वजनिक पैशाची असते. तिच्यातील वाटा समाजाने जमिनीच्या रूपाने मागितला तर त्यात अन्याय नाही.

तिसरी गोष्ट, घर बांधण्याचे काम लोकांच्या हाती देणे. १९८५ नंतर मुंबईच्या चारकोप व गोराई भागांत जागतिक बँकेच्या साहाय्याने रस्ते, पाणी, गटारे यांची सोय असलेले लहान भूखंड सहकारी संस्थांना दिले गेले. कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे घरे वाढविली, आणि आज त्या चांगल्या नांदत्या वस्त्या आहेत. इंदूरजवळ बाळकृष्ण दोशी यांनी आखलेली अरण्य वसाहतही याच विचाराची. अशा वस्त्यांत काही भूखंड पुढे सुस्थितीतील लोकांकडे गेले, हा आक्षेप घेतला जातो. पण स्वस्त जागा थोडी आणि मागणी अफाट असली म्हणजे असे व्हावयाचेच. त्यावरचा उपाय अशा वसाहती बंद करणे हा नसून त्या वाढविणे हा आहे. जेथे वस्ती आधीच आहे, तेथे ओडिशाने २०१७ च्या कायद्याने दिला तसा वारसाहक्काने चालणारा जमिनीचा हक्क द्यावा. पायाखालच्या भूमीचा भरवसा आला की माणूस स्वतःच भिंत पक्की करतो.

शेवटची गोष्ट न्यायाची. परवडणारे घर असूनही जात, धर्म किंवा आहार विचारून दार बंद होत असेल, तर ते परवडून उपयोग काय? एका सहकारी संस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध मानला. खासगी जमिनीविषयी कायदा काय म्हणतो ते यावरून कळते. परंतु आराखड्याने समाजाच्या वतीने राखलेल्या प्रत्येक भूखंडावर, येथे कोणालाही नाकारले जाणार नाही, ही अट घालणे शहराच्या हाती आहे, आणि ती अट घातली गेली पाहिजे.

आराखडे वीस वर्षांनी जुने होतात. चुकीच्या जागी गेलेली जमीन मात्र परत येत नाही. म्हणून पुढचा आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा त्यातील रुंद रस्ते व उंच मनोरे पाहण्याआधी नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा : या नकाशात आपल्या शहराच्या श्रमिकांची जागा कोठे आहे, आणि ती त्यांच्या कामापासून किती दूर आहे?