रस्ता आला, गाडी कधी येणार?

हातातलं काम थांबवू नका, काम करता करताच ऐका. आज मी बचतीवर नाही, हप्त्यावर नाही, एसटीवर बोलणार आहे. गट चालवणाऱ्या बाईचा एसटीशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. तर एका बैठकीपासून सुरुवात करते.

गेल्या वर्षी मे महिन्यात गटाची बैठक होती. वसुली झाली, सह्या झाल्या. उठता उठता एक ताई म्हणाल्या, "पोरगीची दहावी झाली. आता बास. मामाकडनं स्थळ आलंय." पोरगी हुशार. पैशाची अडचण म्हणावी, तर मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. मग अडलं कुठं? ताई म्हणाल्या, "पास आहे गं, पण गाडी फाट्यापर्यंतच येते. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. थंडीच्या दिवसांत सहालाच अंधार पडतो. एकटीनं कसं यायचं तिनं?"

कुणाकडंच उत्तर नव्हतं. बघा, १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तर प्रवास मोफत आहे. पण ही सवलत गाडीत बसल्यावर मिळते. गाडीच नसेल तिथं वडापवाला पूर्ण पैसे घेतो, आणि सीट भरेपर्यंत हलत नाही.

आमच्या गावचा डांबरी रस्ता चार वर्षांपूर्वी झाला. रस्ता झाला म्हणजे गाडी येणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथंच चुकलो. रस्ता करणारं खातं वेगळं. गाडी सोडणारं एसटीचं आगार वेगळं. कॉलेजची वेळ संस्था ठरवते, दवाखान्याची वेळ आरोग्य खातं ठरवतं, गावातली जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात. प्रत्येकजण आपापलं काम करतो. पण ही सगळी कामं एका कागदावर शेजारी शेजारी मांडून कुणी बघत नाही. त्या वेळा जुळवायचं ओझं आपल्या पायांवर येतं.

आम्ही चौघीजणी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांना म्हटलं, गाडीसाठी आजवर काय लिहापढी झाली ते दाखवा. फाईल निघाली. तीन वर्षांपूर्वीचा ठराव होता, "गावात एसटी सुरू करावी." एवढंच एक वाक्य. आणि त्याला आगाराचं उत्तरही आलेलं होतं! गावात गाडी वळवायला जागा नाही, आणि रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या काचेला लागतात, म्हणून फेरी देता येत नाही. हे पत्र कुणी लपवलं नव्हतं. कुणी वाचलंच नव्हतं. आणि त्या वर्षीच्या गावच्या आराखड्यात काय होतं? स्वागत कमान. तीही चावडीपुढं, जिथं गाडी वळू शकली असती त्याच जागेवर.

मग आम्ही एक वही घातली. आठवडाभर गटातल्या बायका पाळीपाळीनं सकाळपासून संध्याकाळपर्यंत फाट्यावर बसल्या. तीन रकाने केले: कोण, कुठं, किती वाजता. आम्हाला वाटत होतं, सकाळी सातची गाडी हवी. वहीत निघालं की नऊची हवी, कारण कॉलेजची मुलं, दवाखान्यात जाणाऱ्या गरोदर बाया, बँकेचं काम असणारे सगळे त्याच वेळी निघतात. आणि संध्याकाळी? कॉलेज सुटतं पाचला, गाडी तालुक्याच्या स्टँडवरून निघते पावणेपाचला. पंधरा मिनिटांसाठी पोरी तासभर ताटकळत होत्या. हे आगाराला माहीत नव्हतं, कॉलेजलाही माहीत नव्हतं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, असं कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते. आम्ही ती खरीखुरी भरवली. ठराव नीट लिहिला. कोणती फेरी, किती वाजता, कुठून कुठं, रोज साधारण किती माणसं. त्याखाली ग्रामपंचायतीनं काय करायचं तेही लिहिलं: वळणाची जागा मोकळी करायची, मुरूम टाकायचा, बाभळी छाटायच्या, कमान दुसरीकडं न्यायची.

ग्रामसभेत एक पुढारी म्हणाले, "बायकांना गावाची कमान नको का?" मागं बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "बाबा, कमानीखालनं जायला गाडी तरी येऊ दे." सगळी सभा हसली आणि ठराव मंजूर झाला.

तो ठराव आणि वही घेऊन आम्ही आगारात गेलो. व्यवस्थापक साहेबांनी वही उलटून बघितली. म्हणाले, "ताई, एका गावासाठी नवी गाडी मला देता येणार नाही. चालक-वाहक कमी आहेत, आणि भारमान बसलं नाही तर फेरी बंद करावी लागते." भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या, त्याचा हिशेब. रिकामी गाडी पळवली तर डिझेलही निघत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं.

परत येताना आम्ही विचार केला, एक गाव कमी पडतं ना? मग त्याच रस्त्यावर पुढं असलेल्या दोन वाड्यांतल्या गटांशी बोललो. तिघांनी एकाच वेळेचा, एकाच फेरीचा ठराव केला. नवी गाडी मागितलीच नाही. फाट्यापर्यंत येणारी फेरी आत वाढवा, आणि संध्याकाळी पावणेपाचऐवजी सव्वापाचला सोडा, एवढंच मागितलं. बाभळी छाटल्या, जागा झाली, आगाराची माणसं येऊन रस्ता बघून गेली, आणि दिवाळीनंतर गाडी गावात आली.

तोवर त्या पोरीचं काय झालं, असं विचाराल. तिच्या आईला आम्ही शब्द दिला होता की दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी गटातली एक बाई फाट्यावर जाईल. पाळी लावली आणि पाळली. आता ती बारावीला आहे. स्थळाचा विषय तूर्त मागं पडलाय.

सगळं मिळालं असं नाही. दुपारची फेरी मिळाली नाही. जिल्ह्याच्या दवाखान्याला जाणारी गाडी आमची गाडी स्टँडवर पोहोचण्याआधी दहा मिनिटं सुटते. ती दुसऱ्या आगाराची आहे, म्हणून तो अर्ज आता विभाग नियंत्रकांकडं दिलाय. त्याशिवाय जिल्हा नियोजन समिती असते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्ह्याचा पैसा कुठं जायचा ते तिथं ठरतं. तिथं आपला कागद पोहोचायचा तर तो गावातून नीट लिहून निघायला हवा.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. एक, ग्रामपंचायतीत जाऊन जुनी पत्रं वाचा, उत्तर कदाचित आलेलं असेल. दोन, आठवडाभर वही घाला. तीन, शाळा, दवाखाना, बाजार आणि गाडी यांच्या वेळा एका कागदावर लिहा. चार, गावचा पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, त्याआधीच्या महिला सभेत ठराव घ्या. पाच, शेजारच्या गावाला सोबत घ्या. आणि तुमचा रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल, तर पहिली पाच वर्षं त्याची देखभाल ठेकेदारानं करायची असते. कडेच्या फलकावर तारीख बघा आणि खड्ड्याचा अर्ज मुदतीत द्या.

गाडी सुरू झाल्यावर मात्र तिच्यातच बसा बरं का. वडाप आधी आलं म्हणून त्यात चढलो, तर भारमान पडेल आणि मिळालेली फेरी जाईल. मिळवली आपण, टिकवायचीही आपणच.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.