भाजी: ताजी, डब्यातली आणि गोठवलेली

श्रोतेहो, हिरवा वाटाणा आज बाजारात तीन रूपांनी मिळतो: शेंगांचा, पत्र्याच्या डब्यातला आणि पिशवीतला गोठवलेला. यांत चांगला कोणता, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणतो, "ताजा!" उत्तर बरोबर आहे. पण ताजा कशाला म्हणायचे, हे आधी ठरवले पाहिजे.

वेलावरून शेंग तोडली तरी तिचा जीव लगेच जात नाही. ती श्वास घेत असते आणि त्यापायी आपली साठवण खर्च करीत असते. दाण्यातली साखर कमी होते, काहीचे पिष्ट बनते. म्हणून आज गोड लागलेला दाणा उद्या पिठूळ लागतो. मेथी-पालकातले क जीवनसत्त्व तर उन्हावाऱ्यात भराभर घटते. पुरंदर तालुक्यातला वाटाणा त्याच दिवशी सासवडच्या एखाद्या घरात शिजला, तर त्याला तोड नाही. तोच ट्रक, मंडई, हातगाडी असा फिरत चार दिवसांनी शहरातल्या शेगडीवर चढला, तर तो नावापुरता ताजा.

भाजी टिकवणे आपल्याला नवे नाही. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या आपण उन्हात वाळवतोच. पाणी काढून घेतले की जंतूंचे काही चालत नाही. डब्यात जंतूंना मारतात, आणि गोठवताना त्यांना निजवतात. एवढा फरक ध्यानात धरा, म्हणजे पुढचे सोपे होईल.

अन्न बाटलीत बंद करून उकळण्याची रीत फ्रान्सच्या निकोला अपेर याने काढली. १८१० साली तेथील सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. आज कारखान्यात वाटाण्यासारखी आंबट नसलेली भाजी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. कारण बॉट्युलिझम ही प्राणघातक विषबाधा करणाऱ्या जंतूंचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. या उष्णतेने क आणि ब-१ जीवनसत्त्वे पुष्कळशी जातात. प्रथिने आणि चोथा बहुतेक राहतात. डब्यातले पाणी खारट असेल तर ते ओतून द्या आणि दाणे धुऊन घ्या.

आता एक गोष्ट नीट ऐका. डबा फुगलेला असेल, गळत असेल किंवा उघडताना आतून पिचकारी उडाली, तर ती भाजी चाखूनसुद्धा पाहू नका. आणि घरी पातेल्यात उकळून भाजी बाटलीत हवाबंद करून ठेवू नका. लोणच्याला मीठ आणि आंबट राखते. साध्या भाजीला राखणारे कोणी नसते.

गोठवण्याची आजची रीत अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्‌सआय याने १९२० नंतरच्या दशकात बसवली. लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत झटपट गोठलेली मासळी पुढे ताज्यासारखी लागते, हे त्याने पाहिले होते. झटपट गोठले की बर्फाचे कण बारीक राहतात आणि दाणा फाटत नाही. वाटाणा तोडल्यावर लवकरच गरम पाण्यातून काढून गोठवतात. त्यात थोडे जीवनसत्त्व जाते, पण पुढची गळती फार मंद होते. म्हणूनच चार दिवस फिरलेल्या "ताज्या" वाटाण्यापेक्षा गोठवलेल्यात क जीवनसत्त्व कधी कधी जास्तच सापडते!

मात्र निजलेले जंतू ऊब मिळाली की जागे होतात. ही भाजी उणे १८ अंशांवर राहिली पाहिजे. वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडू नका. गच्च भरलेला मोठा फ्रीझर बंद राहिला तर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. पूर्ण वितळून ऊब लागलेली भाजी पुन्हा गोठवून खाऊ नये. रांधताना ती वितळवत बसू नका. तशीच फोडणीत टाका. ती अर्धवट शिजलेलीच असते, लवकर होते.

मग घरात काय आणावे? हंगामात आणि गावात, त्या दिवशी तोडलेली भाजी. ती आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकून शिजवावी आणि उरलेले पाणी आमटीत घालावे. शहरात किंवा हंगाम नसताना गोठवलेली भाजी कमी मानू नये. डबा प्रवासाला, अडीअडचणीला. पण बांधावर मेथी वाळत टाकून दुकानातून डबा आणणे म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा! खिशातले पैसे जातात आणि पोरांच्या ताटातले सत्त्वही जाते.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, याचा एक सोपा धडा शाळेतच घेता येईल. सकाळी मेथीच्या दोन सारख्या जुड्या घ्या. एक ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, दुसरी उघडी उन्हात. शाळा सुटताना दोन्ही तोलून पाहा. किती पाणी गेले ते मुलांना तागडीच सांगेल. जीवनसत्त्व तागडीवर दिसत नाही. पण पान कोमेजू लागले की तेही उणे होऊ लागते, एवढे मुलांना सांगा. मुले घरी जाऊन आईला सांगतीलच.