ब्राउझरची पारख

श्रोतेहो, सातबारा पाहावयाचा असो, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो, की बाजार समितीतला कांद्याचा भाव बघावयाचा असो, हल्ली ही कामे मोबाइलवरच्या वा संगणकावरच्या ज्या खिडकीतून होतात तिला ब्राउझर म्हणतात. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. बियाण्याची पिशवी उलटसुलट करून तिच्यावरची तारीख वाचतो. ब्राउझर मात्र मोबाइलबरोबर जो आला तोच चालवतो. फुकटच्या वस्तूची पारख काय करावयाची, असे आपल्याला वाटते. माझे म्हणणे असे की, फुकटच्या वस्तूची पारख अधिक करावी.

पूर्वी खेड्यात पत्र आले की पुष्कळांना ते मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून वाचून घ्यावे लागे. वाचणाऱ्याच्या अंगी दोन गुण लागत. एक, वाचन स्वच्छ हवे. दुसरा, वाचलेले त्याच्या पोटात राहावयास हवे. मुलीच्या सासरचे पत्र सुरेख वाचून दाखविले आणि संध्याकाळी पारावर जाऊन त्याची चर्चा केली, तर ते सुरेख वाचन काय कामाचे? ब्राउझरही असाच मध्यस्थ आहे. दूरच्या संगणकावरचा मजकूर तो आपल्यासमोर मांडतो आणि आपले उत्तर तिकडे पोचवतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा काम शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांपुरते होते. आज आपला पगार, आजार, कर्ज आणि मुलांचे शिक्षण, सारे याच मध्यस्थाच्या हातून जाते. तेव्हा दुसऱ्या गुणाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

आता आपली माहिती बाहेर जाते कशी ते पाहू. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तंत्रज्ञाने ‘कुकी’ची योजना केली. कुकी म्हणजे एक लहानशी चिठ्ठी. आपण एखादे संकेतस्थळ उघडले की ते ही चिठ्ठी आपल्या ब्राउझरपाशी ठेवते, आणि पुढच्या वेळी ती पाहून आपल्याला ओळखते. यात वाईट काही नाही. ही चिठ्ठी नसती तर प्रत्येक पानावर नाव आणि पासवर्ड नव्याने लिहावा लागला असता. पण एकाच पानावर जाहिरात कंपन्यांचेही तुकडे चिकटवलेले असतात, आणि त्याही आपापली चिठ्ठी ठेवून जातात. सकाळी तुम्ही सांधेदुखीवरचा लेख वाचलात, दुपारी ट्रॅक्टरच्या कर्जाची चौकशी केलीत, रात्री मुलीसाठी स्थळे पाहिलीत. तिन्ही पानांवर एकाच कंपनीचा तुकडा असला, तर तिन्ही गोष्टी जुळवून तिला तुमचे चित्र काढता येते. इतके पुरे चित्र गावच्या सावकारापाशीही नसे!

या परक्या चिठ्ठ्यांच्या बाबतीत सगळे ब्राउझर सारखे नाहीत. ॲपलच्या सफारीने २०२० पासून त्या आपण होऊन अडविल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून संगणकावर प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवावयास सुरुवात केली, म्हणजे एकीचा मेळ दुसरीशी बसत नाही. ब्रेव्ह नावाचा ब्राउझर पाठलाग करणाऱ्या जाहिराती पहिल्यापासूनच अडवतो. गूगलनेही २०२० साली जाहीर केले होते की, क्रोममधून या चिठ्ठ्या दोन वर्षांत काढून टाकू. मुदत पुढे पुढे ढकलली गेली, आणि २०२४ साली तो बेत सोडून देण्यात आला.

असे का व्हावे? येथे पारखीचा पहिला प्रश्न येतो: या मध्यस्थाचे पोट कशावर चालते? गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे. मी क्रोमची निंदा करीत नाही. तो चपळ आहे, त्याची डागडुजीही वेळेवर होते. पण जाहिरातीवर जगणाऱ्याने जाहिरातदाराला दार बंद करावे, ही अपेक्षा जरा भाबडीच म्हणावयाची. उलट बाजूही सांगितली पाहिजे. फायरफॉक्सच्या पाठीशी मोझिला ही नफ्यासाठी नसलेली संस्था आहे; पण तिचेही बरेचसे उत्पन्न गूगलकडूनच येते, कारण शोधासाठी फायरफॉक्सने गूगलला पहिला मान दिलेला आहे. सारांश, धुतल्या तांदळासारखा कोणी नाही. कमी खडे कोणात, एवढेच पाहावयाचे.

दुसरा प्रश्न: सोयीच्या बदल्यात तो काय घेतो? काही वर्षांपूर्वी आपल्याकडे यूसी ब्राउझर फार लोकप्रिय होता. स्वस्त मोबाइल, रडतखडत चालणारे इंटरनेट, आणि हा ब्राउझर थोड्या डेटात पान उघडून देई. सोय खरी होती. पण २०१५ साली टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने तो तपासला, तेव्हा आपण शोधलेले शब्द त्यातून उघड्यावर बाहेर जात असल्याचे आढळले. पुढे जून २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यांत हा ब्राउझरही होता. लाखो लोकांना तो बरा वाटत होता, कारण वाचन चांगले होते. पोटात काय राहते, हे फारसे कोणी विचारले नव्हते.

तिसरा प्रश्न: त्याची दुरुस्ती होते का? शाळेच्या कपाटात ठेवलेल्या जुन्या संगणकावर अजून इंटरनेट एक्सप्लोरर असेल, तर तो वापरू नका. त्याच्या कंपनीनेच जून २०२२ मध्ये त्याला निरोप दिला आहे. कडी तुटलेल्या दाराला नवा रंग देऊन काय उपयोग?

आता तुम्ही म्हणाल, ‘अहो, आम्ही साधी माणसे, आमच्यापाशी लपविण्यासारखे आहेच काय?’ महाविद्यालयात विद्यार्थीही मला हेच विचारतात. न्हाणीघराला आपण आतून कडी लावतो, ती काही गुन्हा करतो म्हणून नव्हे. खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, तुमच्यापाशी केवळ तुमची माहिती नसते. शाळेच्या त्या एका संगणकावरून पोरांची नावे, जाती, आधार क्रमांक, बँकेची खाती भरली जातात. स्वतःचे गुपित चव्हाट्यावर मांडण्याची मुभा आपल्याला असेल. दुसऱ्याच्या लेकराचे मांडण्याची नाही.

म्हणून काय करावे? माझी सूचना अशी की, घरात दोन ब्राउझर ठेवावेत. बँक आणि सरकारी अर्ज यांसाठी एक. त्यात इकडेतिकडे फिरावयाचे नाही. काही सरकारी पाने क्रोमवरच नीट चालतात असा अनुभव येतो, तेव्हा या कामाला क्रोम राहू द्या. वाचनासाठी, शोधासाठी फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह घ्या. अँड्रॉइड मोबाइलवरच्या फायरफॉक्सला जाहिराती अडविणारे जोडसाधनही लावता येते, शिवाय जाहिराती न उतरल्यामुळे डेटा वाचतो तो वेगळाच. इंग्रजीची अडचण वाटत असेल, तर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत करून घेता येतात.

शाळेच्या संगणकावर ‘पासवर्ड जतन करू का?’ असे विचारले गेले की ‘नको’ म्हणा. काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडा. नुसती खिडकी मिटणे पुरेसे नाही. अनेकांचे हात लागणाऱ्या यंत्रावर खाजगी खिडकी उघडून काम करणे चांगले. मात्र तिच्याविषयी गैरसमज नको. ती मिटली की त्या यंत्रावरच्या खुणा पुसल्या जातात, एवढेच. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला आणि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला तुमची चाहूल लागतेच. क्रोमच्या खाजगी खिडकीबद्दल २०२० साली अमेरिकेत गूगलवर दावा झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत जमा झालेल्या नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले. फळा पुसला म्हणून वर्गातली पोरे वाचलेले विसरत नाहीत, हे शिक्षकांना मी काय सांगावे!

शेवटी एक लहान काम सांगतो. आज रात्री जेवणे झाली की मोबाइलमधला ब्राउझर उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेचे पान काढा, आणि घरातल्या शिकत्या मुलाला शेजारी बसवून एक एक ओळ वाचा. परक्या कुकीज बंद करा. ठिकाण, कॅमेरा आणि ध्वनी यांची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते बघा, आणि नको असेल ती काढून घ्या. दहा मिनिटे लागतील. एखादे पान त्यामुळे अडलेच, तर परवानगी पुन्हा देता येते. बाहेर गेलेली गोष्ट मात्र परत आणता येत नाही.