मन कसं आहे, हेही विचारा



दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळं कार्डावर चढतं. पण ‘झोप लागते का गं? रडू येतं का?’ हे क्वचितच कुणी विचारतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे विकसनशील देशांत शंभरातल्या सुमारे १६ जणींना गरोदरपणात मनाचा आजार होतो, बहुतेकदा नैराश्य. आणि घरचे काय म्हणतात? ‘आनंदात राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल.’ सासूबाईंनो, असं म्हणू नका हो. ती आधीच घाबरलेली असते, आता आपल्या घाबरण्यालाही घाबरते.

मन दुधासारखं असतं. गॅसवर ठेवून पाठ फिरवली की उतू जातं. समोर उभं राहिलं तर कडेचे बुडबुडे दिसतात, साय उचलली जाताना दिसते, आच कमी करता येते. सजगता म्हणजे हे लक्ष. दूध तापूच नये असा हट्ट नाही. पाच मिनिटं टेकून बसा, श्वास येतो-जातो तो बघा. ‘बाळंतपणात काही झालं तर?’ असं मनात आलं, तर आलं म्हणा आणि पुन्हा श्वासाकडे या.

पण एकटीनं दुधापाशी किती वेळ उभं राहायचं? ‘अगं, वर आलं बघ’ म्हणणारी दुसरी हवी. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं तेच करून पाहिलं. नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांचा तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच भागातल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ केलं होतं. सखी घरी जायची, ऐकायची, आज कुठलं छोटं काम जमेल, घरातलं कोण हात देईल, हे दोघी मिळून ठरवायच्या. सखी मिळालेल्यांत बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. डॉक्टर नव्हत्या हो त्या!

म्हणून पुन्हा सांगते, विचारा. नणंदेनं विचारावं, शेजारणीनं विचारावं, नवऱ्यानं तर आधी. आणि विचारलंत की उत्तराची वाट बघा, लगेच उपदेश नको.

मात्र दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, असं ती म्हणाली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटी सोडू नका. ‘टेली-मानस’ या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट, मराठीतही बोलता येतं. बाळंतपणानंतरच्या दिवसांबद्दलही बोलायचं होतं, पण वेळ संपत आली. तेवढा क्रमांक लिहून घ्या: एक चार चार एक सहा.